दुसऱ्या तिकिटाचे पॉइंट

आमच्या ह्यांना सगळे नातेवाईक ‘टेस्टर’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हटलं की हे विचारणार, ‘कशावरून?’ आणि मग समोरच्याचा अर्धा तास पुरावे देण्यात जाणार. एवढा वेळ कुणाला असतो?

नोकरीच तशी, त्याला ते तरी काय करणार. वीज कंपनीच्या मीटर तपासणीच्या खोलीत एकतीस वर्षं झाली. लोक तक्रार करतात ना, ‘आमचा मीटर पळतो, बिल जास्त येतं’, ते मीटर काढून ह्यांच्या टेबलावर आणतात. लांबलचक टेबल, त्यावर एका ओळीत दहा मीटर लावायचे, कडेला एक खात्रीचा मीटर ठेवायचा, सगळ्यांतून सारखीच वीज सोडायची आणि बघत बसायचं. पूर्वी आत चकती फिरायची, आता लाल दिवा लुकलुकतो. तो किती वेळा लुकलुकला ते मोजायचं. मी एकदा डबा द्यायला गेले तर हे हातात स्टॉपवॉच घेऊन दिव्याकडे टक लावून बसलेले. मी दहा मिनिटं दारात उभी. शेवटी वर बघितलं आणि म्हणाले, ‘दहातले नऊ बरोबर आहेत. लोकांनाच उगीच शंका.’ मी आलेय, उन्हातून आलेय, त्याचं काही नाही!

घरातही तेच. नवा पंखा आणला तर आठ दिवस खोक्यात, कारण आतला कागद वाचून व्हायचा असतो. लग्नाआधी मला चार वेळा भेटले. चौथ्या भेटीत मीच वैतागून विचारलं, ‘अहो, अजून किती रीडिंग घेणार?’ तेव्हा खदखदून हसले. त्या हसण्यालाच मी भुलले, आणि त्याला आता एकोणतीस वर्षं झाली.

जगात एकच माणूस असं होतं की ज्याला तपासायची ह्यांना कधी गरज वाटली नाही. मी नव्हे हो. ह्यांची मोठी बहीण. हे त्यांना ताई म्हणायचे, मी वन्सं. ह्यांची आई गेली तेव्हा हे सहा वर्षांचे आणि वन्सं पंधराच्या. वडील होते, पण असून नसल्यासारखे. वन्संनी शाळा सोडली आणि शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायच्या मशीनवर बसल्या. ह्यांची फी, ह्यांचे बूट, ह्यांचा वायरमनचा कोर्स, सगळं त्या कॉलरांतून निघालं. स्वतःचं लग्न त्यांनी चाळिशीला टेकल्यावर केलं, तेही आमचं लग्न लागून मी घरात रुळल्यावर. एक विधुर गृहस्थ, परदेशात नोकरीला, पदरात एक मुलगा. वन्सं विमानात बसल्या आणि गेल्या. अकरा तासांचं अंतर. पुढे यजमान वारले, मुलगा मोठा झाला, तरी त्या तिकडेच राहिल्या, त्याच दोन खोल्यांत. इकडे एकदाच येऊन गेल्या, त्याला नऊ वर्षं झाली.

माझं त्यांच्याशी वाकडं नव्हतं, पण अगदी सरळही नव्हतं. खोटं कशाला बोलू? ह्या घरात आले त्याच्या दुसऱ्याच सकाळी त्या मला म्हणाल्या होत्या, ‘त्याच्या चहात अर्धा चमचा साखर घाल, जास्त त्याला सोसत नाही.’ मी मुद्दाम दोन चमचे घातली. हे एका दमात प्यायले आणि म्हणाले, ‘छान झालाय.’ वन्संनी माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून आमच्यात एक अदृश्य रस्सीखेच चालू होती आणि दोरी म्हणजे हे.

दर रविवारी दुपारी चार वाजता त्यांचा फोन यायचा. पण बहीण-भाऊ दोघेही असे घुमे की विचारू नका.

‘जेवलास का, बाळ्या?’ सत्तावन्न वर्षांचा बाळ्या!

‘हो. तू?’

‘हो. थंडी आहे?’

‘नाही. तुझ्याकडे?’

‘आहे जरा. बरं मग, ठेवते.’

झालं. दोन मिनिटांत आटोपलं. आणि फोन ठेवल्यावर हे तासभर खिडकीत उभे. मला सगळं कळायचं. दोघांच्या पोटात एकमेकांसाठी केवढं तरी होतं, पण ते ओठांवर आणायची सवय दोघांनाही कुणी लावली नव्हती.

मग आलं ते कार्ड.

ह्यांच्या ऑफिसच्या फाटकाशी बँकेची एक मुलगी टेबल टाकून बसली होती. क्रेडिट कार्ड, वर विमानाच्या शेपटीचं चित्र. कार्डावर खरेदी करा, पॉइंट मिळवा, पॉइंटांवर विमानाचं तिकीट फुकट. बाकीचे लोक कागद घेऊन पुढे गेले. हे थांबले. ह्यांनी तिला अकरा प्रश्न विचारले, तिला चारांची उत्तरं आली. दुसऱ्या दिवशी हे आणखी सहा प्रश्न घेऊन हजर. तिसऱ्या दिवशी त्या मुलीने टेबल मागच्या फाटकाशी हलवलं. बिचारी! हे तिला शोधत मागच्या फाटकाशी गेले.

त्या रविवारी फोनवर हे पहिल्यांदा आपणहून बोलले. ‘ताई, एक कार्ड आहे. पॉइंट साठले की तुझ्याकडे येता येईल. पण तपासून बघायला पाहिजे.’

पलीकडून वन्संचा आवाज एकदम टवटवीत झाला. ‘तपास, तपास. घाई करू नकोस. वर्षाची फी किती आहे? ती धरून हिशेब कर हं. हे लोक फी शेवटच्या पानावर लिहितात.’

हे गालातल्या गालात हसले. ‘शेवटून दुसऱ्या पानावर आहे.’

त्या दिवशी फोन चाळीस मिनिटं चालला. मी चहा दोनदा गरम केला.

पुढचे पाच महिने आमच्या घरात त्या कार्डाची परीक्षा चालू होती. ह्यांनी वही घातली. तीन रकाने, तीन कार्डं. एक हे विमानाचं, एक खर्चाचे थोडे पैसे परत देणारं, एक बाजारात चालतं तसलं साधं. फी किती, पॉइंट किती, कशावर मिळत नाहीत, किती वर्षांनी मरतात. ‘पॉइंट मरतात?’ मी विचारलं. ‘तीन वर्षांनी,’ हे गंभीरपणे म्हणाले. फुकट तिकीट अगदी फुकट नसतं, वरचे कर आणि विमानतळाचे पैसे आपल्याला भरावेच लागतात, हेही ह्यांनीच हुडकून काढलं. आणि फुकटवाल्यांसाठी विमानात मोजक्याच जागा असतात, त्या भरल्या की पॉइंट असूनही घरीच बसायचं. सगळ्यांत मोठा घाव म्हणजे वीज बिल भरलं तर एकही पॉइंट नाही. हे त्यांनी मनाला लावून घेतलं. ‘इतकी वर्षं मी वीज कंपनीत मान मोडून काम करतोय आणि ह्या बँकेच्या लेखी विजेची काही किंमतच नाही!’ दोन दिवस नीट जेवले नाहीत.

हे सगळं दर रविवारी वन्संना वाचून दाखवायचे. त्या तिकडून एकेक शंका काढायच्या. कॉलर लावताना शिवण ताणून बघतात ना, तशा त्या प्रत्येक कलम ताणून बघायच्या. आणि मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकायची. मला हसूही यायचं आणि थोडं जळायलाही व्हायचं. माझ्याशी इतकं बोलणं ह्यांनी कधी केलंय?

शेवटी एका रविवारी ह्यांनी निकाल दिला. मीटरच्या कागदावर लिहितात तेच शब्द. ‘वापरण्यास योग्य.’

‘मग घे,’ वन्सं म्हणाल्या.

तुम्ही म्हणाल, पैशांची एवढी अडचण होती का? नव्हती. हे मला साफ सांगायचंय. एका तिकिटाचे, अगदी ओढून ताणून दोघांच्या तिकिटांचेसुद्धा पैसे बँकेत पडून होते. पण जी वस्तू नीट तपासून, नियमाने, फुकट मिळू शकते ती विकत घेणं म्हणजे ह्यांच्या दृष्टीने हार होती. आणि वन्संच्या दृष्टीनेही. एकदा मी फोन हातात घेऊन म्हटलं होतं, ‘वन्सं, आम्ही सरळ तिकीट काढूनच येतो की.’ तर म्हणाल्या, ‘अगं, वेडी आहेस का? एवढे पैसे विमानात घालायचे? अजून सोळा हजार पॉइंटांचा तर प्रश्न आहे.’ दोघंही एकाच साच्यातली.

कार्ड आल्यावर तर आमचं घर म्हणजे दुकानच झालं. इमारतीत कुणाला काही घ्यायचं असलं की हे पुढे. ‘कार्ड माझं, रोख तुम्ही मला द्या.’ कुणाचा फ्रिज, कुणाचे टायर, कुणाच्या मुलीचं कपाट. बाकी कुठे हे कुणाशी आपणहून बोलत नाहीत, पण दुकानात लोकांबरोबर जाऊन उभे राहायला लागले. समोरच्या घरातल्या शिंपीणबाईंनी धुलाईयंत्र घेतलं आणि आवाज फार करतं म्हणून बाराव्या दिवशी परत केलं. बँकेने पॉइंट परत कापून घेतले. ह्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, कुणी गेलं की काय. चार महिने शिंपीणबाईंशी बोलले नाहीत. त्या बिचाऱ्या मला जिन्यात विचारायच्या, ‘वहिनी, माझं काय चुकलं हो?’ आता हे त्यांना कसं समजावून सांगणार, कपाळ माझं!

आणि रविवारी चार वाजता, ‘किती झाले रे?’

‘एकतीस हजार चारशे.’

‘मागच्या आठवड्यात तीस सातशे होते. म्हणजे सातशे वाढले.’

‘हो. दोन टायर.’

‘शाब्बास.’

असं करत करत चौदाव्या महिन्यात चाळीस हजार भरले. एक तिकीट झालं, जाऊन-येऊन. हे ऑफिसातून आले ते चपला न काढता आत. ‘झालं! एक झालं!’ लहान मुलासारखे टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

आता मी काय केलं ते सांगते. मी भाजी चिरत होते, मान वर न करता म्हणाले, ‘मग जा की. मी आहेच घर राखायला.’

एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाले तो आवाज ह्यांना पाठ आहे. मला राग आला होता. इतक्या वर्षांच्या संसारात मी विमानात बसले नव्हते. कुठंही गेलो तर आगगाडीने, तेही वरच्या बर्थवर, कारण वरचा बर्थ रिकामा असतो म्हणून. मला खिडकीची जागा हवी होती. ढग वरून कसे दिसतात ते मला बघायचं होतं. आणि ह्याहून खाली, पार तळाशी, मला वन्संच्या दारात ह्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. म्हणजे त्यांना कळलं असतं की तुमचा भाऊ माझ्याशिवाय येत नाही. किती क्षुद्र मन असतं बाई माणसाचं.

ह्यांनी दाराशी जाऊन चपला काढल्या. म्हणाले, ‘दोघांचं झाल्यावर जाऊ.’

मी ‘नको’ म्हणाले नाही.

पुढे सहा महिने. ह्या वेळी मीसुद्धा मनापासून भाग घेतला. माहेरच्या माणसांच्या खरेद्या ह्यांच्या कार्डावर वळवल्या, भाचीच्या घरचा सोफा, भावाचा संगणक. रविवारी मीही फोनपाशी बसायला लागले. वन्सं मला विचारायच्या, ‘तुझ्या भावाने घेतला का गं संगणक?’ आणि मी सांगायची, ‘घेतला, वन्सं, मोठा घेतला.’ खरं सांगते, आमच्यातली ती दोरी त्या दिवसांत जरा सैल पडली होती. तिघं मिळून एकाच गोष्टीच्या मागे लागलो होतो ना.

मग एका बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास माझा फोन वाजला. वन्संचा नंबर. बुधवारी! आणि ह्यांच्या नाही, माझ्या फोनवर. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

‘तू एकटीच आहेस ना?’

‘हो. काय झालं, वन्सं?’

‘काही नाही. ऐक. त्याला एकट्याला पाठव. एका तिकिटाचे पॉइंट आहेत ना? मग आत्ता पाठव. तू मागाहून ये.’

‘अहो, पण आता पाच हजारच राहिलेत दुसऱ्याला. महिन्याभरात...’

‘ते राहू दे गं. तू त्याला सांग, की जा. मी सांगितलं म्हणून नको सांगूस, तो घाबरेल. तूच म्हण. तू म्हणालीस तर जाईल तो.’

‘तुम्हाला बरं नाही का?’

जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘जिना चढताना दम लागतो. वयच झालं आता. तू सांगशील ना?’

मी ‘हो’ म्हटलं. फोन ठेवला आणि माझं डोकं भडकलं. देवाशपथ सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की बघा, शेवटी वन्संना भाऊच हवाय, मी नको. सहा महिने आपण सोफे आणि संगणक गोळा करत बसलो आणि आता म्हणे तू मागाहून ये. मोलकरीण आहे का मी? दम लागतो ते मी ऐकलं होतं. पण तो शब्द कानावरून गेला आणि ‘तू मागाहून ये’ तेवढं आत जाऊन बसलं.

संध्याकाळी हे आले. चहा दिला. हे म्हणाले, ‘आज तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गिझर घेतला. बाराशे पॉइंट.’ मी म्हटलं, ‘वा.’ आणि गप्प बसले.

आज सांगू, उद्या सांगू, असं आठ दिवस गेले. रविवारी फोन आला तेव्हा मी मुद्दाम बाहेर गॅलरीत जाऊन कपडे काढत बसले. वन्संनी ह्यांना विचारलं, ‘किती झाले?’ नेहमीसारखंच. माझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही त्यांनी. मला वाटलं, म्हणजे काही विशेष नसणार, एखाद्या दिवशी वाटलं असेल आणि गेलं असेल. सोयीचं असलं की माणसाला काय वाटेल ते वाटतं.

चार आठवड्यांनी दुसऱ्या तिकिटाचे पॉइंट पूर्ण झाले. फुकटच्या दोन जागा शेजारी शेजारी मिळाल्या त्या थेट अकरा आठवड्यांनंतरच्या. त्याआधी एकेक जागा होत्या, आठवड्याला दोन-तीन. दोन एकत्र नव्हत्या. हे माझ्याकडे बघून म्हणाले, ‘एकत्रच जाऊ.’ आणि एक जागा खिडकीची घेतली. माझ्यासाठी.

विमानाला एकोणीस दिवस राहिले होते तेव्हा वन्संच्या मुलाचा फोन आला. सकाळची वेळ, हे दाढी करत होते. मीच उचलला. त्याने एवढंच सांगितलं, ‘मामी, आई गेली.’ मी ह्यांच्याकडे बघितलं. अर्ध्या गालाला साबण. मला बोलायची गरज पडली नाही.

हे तोंड पुसून कॉम्प्युटरपुढे बसले. विमान कंपनीला फोन लावला. पॉइंटांच्या तिकिटाची तारीख बदलता येईल का? तिकडची बाई म्हणाली, उद्याच्या विमानात फुकटची जागा शिल्लक नाही, पैसे भरून आहे. हे म्हणाले, ‘द्या.’ तिने किंमत सांगितली. मी शेजारी उभी होते, मला ऐकू आली. ह्यांनी ऐकलीसुद्धा नाही. कार्डाचा नंबर सांगून मोकळे झाले. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाने किंमत न विचारता काही विकत घेतलं.

एकटेच गेले. पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तिकडचे नियम, सुट्टीचे दिवस, थांबवता आलं नाही त्यांना. त्या दोन खोल्यांत चार दिवस राहून परत आले. मुलाने सांगितलं, हृदयाची झडप निकामी होत चालली होती, वर्षापूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन झेपलं नसतं. ‘मग मला का कळवलं नाहीस?’ हे त्याला म्हणाले. तो म्हणाला, ‘आईने शपथ घातली होती. म्हणायची, त्याला मोजू दे. रविवारी त्याच्या आवाजात कसा उल्हास असतो.’

हे मला सांगताना ह्यांचा आवाज अगदी सपाट होता. मी मात्र आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

आमची दोन तिकिटं रद्द केली. थोडे पॉइंट कापून बाकीचे परत आले. पुढच्या महिन्यात बँकेचं पत्र आलं. विमान कंपनीचं तिकीट विमान कंपनीच्याच कार्डावर घेतलं म्हणून दुप्पट पॉइंट. अभिनंदन! दोन वर्षांत कशावरच मिळाले नव्हते इतके पॉइंट त्या एका तिकिटावर मिळाले होते. मी ते पत्र फाडून टाकलं. हे म्हणाले, ‘फाडू नकोस. नोंद करायची आहे.’

तेव्हापासून हे रोज संध्याकाळी वही घेऊन बसतात. चूक शोधतात. मीटर चुकीचा निघाला की कुठे चुकला ते शोधल्याशिवाय ह्यांना सोडता येत नाही, तसंच हे. कधी म्हणतात, ‘पैसे परत देणारं कार्ड घेतलं असतं तर आठव्या महिन्यातच तिकीट काढता आलं असतं. माझी बेरीज चुकली.’ कधी म्हणतात, ‘पाच महिने तपासत बसलो तिथंच चुकलं. दोन महिने पुरे होते.’ कधी धुलाईयंत्रावर येतात. एके दिवशी शिंपीणबाईंच्या दारात जाऊन त्यांची माफी मागून आले. त्या घाबरून मला विचारायला आल्या, ह्यांना बरं नाही का म्हणून. ह्यांनी प्रत्येक ओळ तपासली, प्रत्येक ओळीत स्वतःला दोषी धरलं. माझ्याकडे एकदाही बोट दाखवलं नाही. ‘मी आहेच घर राखायला’ हे मी म्हणाले होते, ते त्यांच्या वहीत कुठेच नाही.

मी सात आठवडे ते बघितलं.  समोर एक माणूस भलत्याच ठिकाणी खणत बसलाय आणि वस्तू आपल्या मुठीत आहे. सांगितलं तर हा माणूस मला घराबाहेर काढेल, असंही वाटायचं. काढलं तर काढलं, असंही वाटायचं.

परवाच्या रविवारी चार वाजले. हे फोनकडे बघत होते, अजूनही बघतात. मी समोर जाऊन बसले आणि म्हटलं, ‘वही मिटा. चूक त्यात नाही. वन्संचा मला फोन आला होता.’ आणि सगळं सांगितलं. बुधवार, अकरा वाजता, तुम्हाला एकट्याला पाठव म्हणाल्या. मी सांगितलं नाही. मला राग आला होता, मला विमानात बसायचं होतं, मी सांगितलं नाही.  मी म्हटलं, ‘मारा मला. बोला काहीतरी.’

ह्यांनी वही मिटली.  मग अगदी हळू विचारलं, ‘किती मिनिटं बोलली?’

‘तीन असतील. चार.’

‘दम लागल्यासारखी बोलत होती?’

‘मधे एकदा थांबल्या.’

‘माझं नाव घेतलं? बाळ्या म्हणाली?’

मी आठवून बघितलं. ‘नाही. “तो” म्हणाल्या. “तू म्हणालीस तर जाईल तो.”’

ह्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. माझ्या लक्षात आलं, हे माझी चूक तपासत नव्हते. बहिणीचं एक बोलणं ह्यांच्यापर्यंत पोचायचं राहिलं होतं, आणि त्यातलं कणभरही सांडू नये म्हणून विचारत होते.

‘एकच सांग,’ हे म्हणाले. ‘लवकर पाठव म्हणाली, की आत्ता पाठव म्हणाली?’

मला खोटं बोलता आलं असतं. लवकर म्हणाल्या, असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

‘आत्ता म्हणाल्या,’ मी म्हटलं.

‘हं,’ हे म्हणाले. मग, ‘पुन्हा सांग. पहिल्यापासून.’

मी पुन्हा सांगितलं, फोन वाजला तिथपासून.